मांडलेला समुद्र

ओहोटीकाकांना सगळे समुद्राचा माणूस म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं? काकांना धड पोहता येत नव्हतं, बोटीत बसलं की बोट लागायची आणि मासे खाल्ले की अंगावर गांध्या उठायच्या. समुद्राशी त्यांचा जो काही संबंध होता, तो समुद्र मागे सरल्यावरचा. पाणी ओसरून किनाऱ्यासमोरचा काळा खडक उघडा पडला, की लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांना रबरी बूट चढवायचे, त्यांना खडकावर न्यायचं, खळग्यांत राहिलेल्या पाण्यात काय काय जिवंत आहे ते दाखवायचं आणि पाणी परत फिरायच्या आत सगळ्यांना कोरड्या वाळूवर आणून सोडायचं. एवढीच त्यांची नोकरी. ती त्यांनी ऐन तिशीत धरली आणि केस पिकले तरी सोडली नाही. त्यांची बायको म्हणायची, "लोकांचे नवरे समुद्रावर जातात. आमचे मात्र, समुद्र घरी नसताना, त्याच्या घरात शिरतात."

लॉज म्हणजे किनाऱ्याच्या कडेला झाडीत दडवलेल्या लाकडी खोल्या. खोलीत टीव्ही नाही, फोनला रेंज नाही, आणि या दोन नसलेल्या गोष्टींचंच कोण कौतुक. इतरत्र लोक स्वेटर घालून कुडकुडत असत तेव्हा इथे पातळ सुती कपड्यांत हिंडता येई, म्हणून हिवाळाभर खोल्या भरलेल्या असत. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत सुट्टी'. आता कुशीत यायचं तर आईच्या वेळेनं यावं. पण पाहुण्यांना वाटे, न्याहारी उरकली की निसर्गानं तयार होऊन दाराशी उभं राहावं. तीन दिवस सुट्टी काढून आलोय, तर तीन दिवसांत सगळं दिसलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या.

सुरुवातीच्या एका मोसमात असंच झालं. एका मोठ्या कुटुंबाला घेऊन काका खडकावर गेले आणि खडक अगदी रिकामा निघाला. चार शंखातले खेकडे आणि भरपूर शेवाळ. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "एवढंच? हे तर आमच्या मुलाच्या काचेच्या पेटीत याहून जास्त आहे." संध्याकाळी लॉजवाल्या बाईंनी काकांना ऑफिसात बोलावलं. बाई तशा वाईट नव्हत्या, पण पाहुणा नाराज झाला की त्यांचं डोकं दुखायला लागे आणि मग दुसऱ्या कुणाचं तरी दुखावं अशी त्यांची इच्छा असे. "काका, लोक इतक्या लांबून येतात ते शेवाळ बघायला का?" एवढंच त्या बोलल्या. काकांना ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ते लवकर उठले. टेकाडाच्या पलीकडे आणखी एक खडक होता. तिकडे पाहुणे जात नसत. किनाऱ्यानं वाट पाण्याखाली असायची, म्हणून टेकाडाला वळसा घालून जावं लागे. तिथे जीव खच्चून भरलेले. काकांनी न्हाणीघरातली बादली नेली होती. तीत दोन तारामासे, एक काटेरी गोळा आणि एक जांभळी समुद्रकाकडी घालून ते परत आले आणि अलीकडच्या खडकावर चांगले दिसतील असे खळगे बघून एकेकात एकेक जीव ठेवून दिला. थोड्या वेळानं पाहुणे आले. काका चालता चालता थबकले, वाकले आणि म्हणाले, "अरे वा, आज नशीब जोरात आहे तुमचं." पाहुणे हरखून गेले. ती काचेच्या पेटीवाली बाई तर गुडघ्यांवर बसली.

तेवढ्यानं काय होतंय, असं काकांनी मनाला सांगितलं. माणूस मनाला जे पहिल्यांदा सांगतो, ते दुसऱ्यांदा सांगायची वेळच येत नाही. पुढे ती रीतच पडून गेली. ओहोटीच्या आधी काका टेकाडापलीकडे जात, बादली भरून आणत आणि अलीकडचा खडक मांडत. 'मांडणं' हा त्यांचाच शब्द. दुकानदार जसा सकाळी फळीवर माल मांडतो तसंच ते होतं, फक्त हा माल ठेवल्या जागी राहायचा नाही. तारामासा बिचारा राही, पण खेकडे पळत. मग कुठल्या खळग्याला कपार कमी, कुठे पाणी खोल, कुठला जीव किती वेळ टिकेल, ही सगळी अक्कल त्यांना येत गेली. पाहुण्यांना घेऊन जाताना ते इतके सहज थबकत की पुढे पुढे त्यांचं त्यांनाही आश्चर्य वाटायला लागलं.

सगळ्यात अवघड मांडणी ऑक्टोपसची. पण ऑक्टोपस दिसला की पाहुण्यांचं सगळं येणं सार्थकी लागे. खडकाच्या मधोमध एक खळगा होता, आत आडवी कपार असलेला. काका ऑक्टोपसला अगदी शेवटी आणून त्यात सोडत, सोबत खायला एक खेकडा देत आणि वर एक चपटा दगड लोटत. खाण्याच्या नादात तो तेवढा वेळ थांबे. पाहुणे गेल्यावर काका दगड सरकवून ठेवत, आणि तो आपल्या वाटेनं निघून जाई. जाई की वाटेत मरे, हे बघायला काका कधी थांबले नाहीत.

हे सगळं फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. तिच्यापासून लपवायचं म्हटलं तरी कसं लपवणार? न्हाणीघरातली बादली दर दोन दिवसांनी खारट व्हायची. ती वैतागे, दुसरी बादली आणा म्हणे, आणि मग हसे. एकच अट तिनं घातली होती. अंड्यांवर बसलेली मादी दिसली तर तिला हात लावायचा नाही. ऑक्टोपसची मादी अंडी घातली की बिळाच्या तोंडाशी दगड रचून आत बसते. खात नाही, पीत नाही, पिल्लं निघेपर्यंत हलत नाही, आणि पिल्लं निघाली की मरते. काकांनीच हे तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाळंतिणीला घराबाहेर काढाल तर मी तुम्हाला घरात घेणार नाही." काकांनी ही अट पाळली, अगदी काटेकोर पाळली, आणि आपण फार काही वाईट करत नाही याचा पुरावा म्हणून ती मनाशी जपून ठेवली.

त्यांना एकच मुलगी. शाळेला सुट्टी असली की ती पाहुण्यांबरोबर खडकावर यायची. कपारीतला तो ऑक्टोपस बघून ती वेडीच झाली. तिला ना मावशी, ना आत्या. तिनं त्याचं नाव ठेवलं आठ हातांची मावशी. मावशी आज रंग कुठला नेसलीये, मावशी रुसलीये का, मावशीनं माझं बोट धरलं, असं घरभर चालायचं. तिची आई भांडी घासता घासता म्हणायची, "मावशी नव्हे गं, माझी सवत आहे ती. दर पौर्णिमा-अमावास्येला तुझ्या बाबांना घेऊन जाते." काका चहाच्या कपात तोंड घालून बसत.

मुलीला खरं सांगावं, असं काकांच्या मनात अनेकदा आलं. पण तिचे डोळे बघितले की ते दुसरंच काही बोलत. आपल्या बापाच्या समुद्रात सगळं आहे आणि बाप नुसता वाकला की ते दिसतं, असं ती वर्गात सांगत असे. एवढी मोठी पदवी काकांना दुसऱ्या कुणी दिली नव्हती.

आणि घरात ओहोटी हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर होऊन बसलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाबा का नाही आले? ओहोटी होती. मामाच्या लग्नात बाबा जेवणाच्या वेळेला का उगवले? ओहोटी होती. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला शुद्ध आली तर उशाशी मुलगी होती, नवरा नव्हता. ओहोटी होती. ओहोटी काही माणसासाठी थांबत नाही, याच्यावर बोलणार काय? पण खरी ओहोटी असते तासा-दोन तासांची. बाकीचा वेळ मांडण्याचा होता, आणि तो ओहोटीच्या नावावर खपून जायचा.

मग बायकोचं दुखणं परत उलटलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. मुलगी कामावरून रजा काढून आली. आईला पाणी पाजणं, कूस बदलणं, पाय चेपणं, सगळं तीच करत होती. काका दारात उभे राहत आणि काय करावं न सुचून बाहेर जात. त्यात पौर्णिमा आली. लॉजवर कुठल्याशा बड्या कंपनीची माणसं उतरली होती. लॉजवाल्या बाई म्हणाल्या, "काका, घरी अडचण आहे ते ठाऊक आहे मला. पण तेवढं सकाळचं करून जा." काकांना नाही म्हणता आलं असतं. नुसतं पाहुण्यांबरोबर जायचं असतं तर न्याहारीनंतर निघूनही चाललं असतं. त्यांनी तसं केलं नाही. उजाडायच्या आत उठून, बायकोच्या कपाळाला हात लावून, बादली घेऊन ते टेकाडापलीकडे गेले.

त्या दिवशी ऑक्टोपस बिळातून निघेना. काका कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याला काडीनं हुसकत राहिले. आता निघेल, मग निघेल. शेवटी निघाला. त्यांनी तो नेला, मांडला, पाहुण्यांना दाखवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काका घरी आले तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. बायको सकाळीच गेली होती.

मुलगी दारात बसली होती. काका ओल्या पायजम्यानं तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते सवयीनंच निघालं. "ओहोटी होती," ते म्हणाले. मुलीनं वर बघितलं. "माहीत आहे मला. तुम्ही तरी काय करणार, बाबा," असं म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडून रडली.

त्या एका वाक्यावर काका पुढची सगळी वर्षं जगले. मुलगी लग्न करून दूर गेली, तिला मुलगी झाली, फोन कधी आठवड्यानं तर कधी महिन्यानं यायला लागला, तरी तिचं ते वाक्य होतं. पोरीनं आपल्याला माफ केलंय. आणि ज्याच्यासाठी माफ केलंय ते खरं नव्हतं, हे काकांना माहीत होतं. म्हणून तिचा फोन आला की आधी त्यांच्या मनात येई, आज तर नाही ना कळणार? जगात त्यांना दुसरी कसलीही भीती नव्हती. मेलो तरी चालेल, पण तिला ते कळता कामा नये.

मधल्या काळात समुद्राला उतरती कळा लागली. लागोपाठ दोन उन्हाळे पाणी इतकं तापलं की खडकावरची रंगीत पोवळी पांढरी पडून मरून गेली. नवा धक्का बांधायला गाळ उपसला, तो येऊन खळग्यांत बसला. लॉजवाल्या बाईंनी खडकावरची फेरी बंद केली आणि झाडांखाली झोपाळे टांगले. निसर्गाच्या कुशीतच, पण जरा झोपून. काकांना त्यांनी बागेच्या झाडलोटीला ठेवलं, आणि काका घर विकून लॉजमागच्या एका खोलीत राहायला आले. लोक म्हणत, हवामान बदललं. काकाही मान हलवत. पण टेकाडापलीकडच्या खडकावर गाळ आला नव्हता, तिथे पाणी खोल आणि गार होतं, आणि तोही खडक ओसाड पडला होता. तिथे वर्षानुवर्षं एकच गोष्ट येत होती, काकांची बादली. हे त्यांना कळायला उशीर लागला, आणि कळल्यावर ते कुणाला सांगणार होते?

अशात मुलीचा फोन आला. नवऱ्याला परदेशात कायमची नोकरी लागली होती आणि सगळं बिऱ्हाड हलणार होतं. "जायच्या आधी चार दिवस येतो, बाबा. मी आणि पिटुकली. लॉजवरच खोली घेते, तुम्हाला त्रास नको. तिला तुमचा समुद्र बघायचाय. पौर्णिमेला ओहोटी चांगली असते ना, तेव्हाच येतो." मग तिनं फोन नातीकडे दिला. नात म्हणाली, "आजोबा, मला मावशी दाखवाल?"

"दाखवतो की," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? फेरी बंद झाल्याचं, खडक मेल्याचं त्यांनी मुलीला कधी सांगितलंच नव्हतं.

दोघी आल्या. मुलगी थोडी जाड झाली होती आणि हसली की अगदी तिच्या आईसारखी दिसत होती. नात सात वर्षांची, समोरचे दात पडलेली, प्रश्नांची टांकसाळ. संध्याकाळी लॉजच्या पायरीवर बसल्या बसल्या तिनं आजोबांची उलटतपासणी घेतली. "आमच्या बाई म्हणाल्या, ऑक्टोपस फार थोडं जगतो. मग आईची मावशी अजून कशी असेल?"

काकांच्या ऐवजी मुलगीच म्हणाली, "अगं, तीच नसेल. तिची मुलगी असेल, नात असेल. पण घर तेच. मी लहान होते तेव्हापासून त्या कपारीत कुणी ना कुणी असतंच. हो ना बाबा?"

"असतं," काका म्हणाले.

मग मुलगी म्हणाली, "तिकडे गेल्यावर परत कधी येणं होईल देव जाणे. आईचं घर विकलंत, तिची भांडीही दिलीत. मला इथलं म्हणून एवढंच राहिलंय बघा." ती हे साधेपणानं बोलली. काकांना वाटलं, आता सांगून टाकावं. फेरी बंद आहे, खडकावर काही नाही, चला माझ्या खोलीवर, चहा करतो. तिला वाईट वाटलं असतं, पण तेवढंच. त्याऐवजी उठून त्यांनी बादली धुतली.

सकाळी उजाडायच्या आत ते निघाले. टेकाडावर दम लागला, दोनदा बसावं लागलं. पलीकडच्या खडकावर ते पाण्यात उतरले आणि एकेक कपार चाचपत गेले. काही नाही. वाळू, मेलेले शिंपले, पुन्हा वाळू. उजाडलं. पाणी ओसरायला लागलं होतं. थंडीनं त्यांचे हात बधीर झाले होते. अगदी टोकाला, खडक जिथे संपतो तिथे, एका बिळाच्या तोंडाशी दगड रचलेले दिसले.

काकांना लगेच कळलं. ते तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी एक दगड काढला, दुसरा काढला. आत ती होती, फिकट, बारीक झालेली, आणि तिच्यामागे छताला अंड्यांचे झुबके लोंबत होते. तिनं हात पुढे केला आणि काढलेला दगड परत ओढून घ्यायला लागली. काकांनी डोळे मिटले आणि तिला ओढलं. एकेका हाताची पकड सोडवत त्यांनी तिला बाहेर काढलं. ती चावली नाही, काळं पाणीही सोडलं नाही. तेवढीही ताकद तिच्यात राहिली नव्हती.

त्यांनी तिला नेऊन कपारीत सोडलं, खेकडा कुठे मिळाला नव्हता, तसाच वर चपटा दगड लोटला, आणि लॉजवर जाऊन कोरडे कपडे घालून मायलेकींना घ्यायला उभे राहिले. ऊन चांगलं चढलं होतं. नात रबरी बुटांत पाय आपटत पुढे पळत होती. मुलगी चालता चालता म्हणाली, "गाळ किती आलाय हो. पूर्वी असा नव्हता." काका म्हणाले, "या वर्षीचं जरा तसंच आहे."

कपारीपाशी पोचायच्या आधीच नात थांबली. "आजोबा, हे काय आहे?"

मादीनं दगड ढकलला होता. खळग्यातून निघून ती कोरड्या खडकावर बरीच लांब आली होती, पाण्याच्या दिशेनं. अंगभर वाळू चिकटली होती. दोन हात अजून पुढे सरकायला बघत होते, बाकीचे पडून होते. एका हातावरच्या चिकट वाट्यांना तांदळाच्या कण्यांएवढ्या पांढऱ्या अंड्यांची लड चिकटलेली होती.

नात उकिडवी बसली, ओंजळीनं पाणी आणून तिच्यावर ओतायला लागली. "ती घरातून का निघाली?"

काका म्हणाले, "उन्हानं असेल." मुलगीही खाली बसली. तिनं बोटानं ती लड उचलली, निरखून बघितली.

"बाबा, ही बाळंतीण आहे."

काकांनी वाकून मादीच्या अंगावरची वाळू पुसली.

"बाळंतीण घर सोडत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत. मेली तरी सोडत नाही." तिनं कपारीकडे बघितलं, आत वाकून बघितलं. "इथे अंडी नाहीत."

आता काही सांगणं भाग होतं. काका म्हणाले, "मी आणली. आजच्या दिवस. पिटुकली एवढ्या लांबून आली, तिला काहीच दिसलं नसतं. म्हणून. इथे हल्ली काही राहिलं नाही गं."

मुलीनं सुस्कारा सोडला. रागावली नाही. उलट तिचे डोळे भरून आले. "कशाला हो बाबा. नसती दिसली तर नसती. या वयात पाण्यात कशाला उतरलात?" तिनं त्यांचा हात हातात घेतला. "बर्फ झालाय नुसता. कुठून आणलीत?"

"टेकाडापलीकडून."

"वळसा घालून?"

"हो."

"म्हणजे अंधारातच निघाला असाल."

"हो," काका म्हणाले, आणि तिचा हात आपल्या हातात थांबल्याचं त्यांना जाणवलं.

ती टेकाडाकडे बघत होती. मग खडकाकडे, उघड्या पडलेल्या सगळ्या खळग्यांकडे तिनं एकदा नजर फिरवली. "पौर्णिमेला इथे ओहोटी दहाला असते," ती म्हणाली. "मला लहानपणापासून पाठ आहे. तरी तुम्ही कायम अंधारात जायचात. मी कधी विचारलंच नाही, का ते."

"अगं..."

"हे सगळे खळगे. दर वेळी. माझी मावशी."

काकांनी मान खाली घातली. नातीच्या ओंजळीतलं पाणी खडकावर सांडत होतं. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि तरी पाणी आणायला धावत होती.

मुलीनं हात सोडवून घेतला. "आई गेली त्या दिवशीही पौर्णिमाच होती."

काकांना खूप बोलायचं होतं. तो बिळातून निघत नव्हता, मला वाटलं लवकर परत येईन, बाईंनी सांगितलं होतं, मला तिच्याकडे बघवत नव्हतं. यातलं शेवटचं तेवढं खरं कारण होतं. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता. ते म्हणाले, "हो."

"तिनं मला विचारलं होतं, कुठे गेलेत म्हणून. मी म्हटलं, ओहोटी आहे." मुलीचा आवाज अगदी शांत होता. "तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. समोर पाणी भरलेलं होतं. मग ती हसली आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला समजून घेऊन हसली ती." ती काकांकडे वळली. "बाबा, तिला माहीत होतं का? तुम्ही हे सगळं आणून ठेवायला जाता ते?"

नात मध्येच म्हणाली, "आई, ही हलत नाहीये." कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

काकांना नाही म्हणता आलं असतं. सवय होती. जी एकटी खरं सांगू शकली असती ती केव्हाच गेली होती.

"माहीत होतं," काका म्हणाले.